घरगुती वापर

आमच्या ह्यांनी बेल वाजवली की लोकांच्या घरात काय काय होतं, ते दाराबाहेर उभं राहून ह्यांना पाठ झालंय. आधी मिक्सर बंद होतो. मग काहीतरी जड फरशीवरून ओढल्याचा आवाज येतो, बहुतेक पलंगाखाली. मग कुजबुज, "मीटरवाला आलाय गं." आणि मग एक बाई दार उघडते, हात कोपरापर्यंत बेसनाने माखलेले, आणि म्हणते, "आम्ही दिवसभर नुसता टीव्ही बघतो हो दादा." हे मान डोलावतात, मीटरचा फोटो काढतात आणि पुढच्या घरी जातात. चौदा वर्षं हेच चाललं होतं.

ह्यांचं नाव गोरक्ष पुंजा थेटे. घ्या, नाव घेतलं, उखाण्याचं नंतर बघू. मी ललिता, ह्यांची बायको. आम्ही राहतो म्हसरूळला. काम विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं, तेही कंपनीत नाही, ठेकेदाराकडे. हद्द म्हसरूळ, मेरी, हिरावाडी. जुनी रो-हाऊस, जुने बंगले, जिथे मीटर अजून दाराशेजारी किंवा सरळ पॅसेजमध्ये असतात, म्हणजे बेल वाजवल्याशिवाय गत्यंतर नाही. ह्यांचा स्वभाव असा की दिवसाला दोनशे घरं करून आले तरी तोंडातून दोनशे शब्द निघायचे नाहीत. घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे आणि मी ते एकटीने व्यवस्थित सांभाळते.

मला बघायला आले तेव्हाचीच गोष्ट घ्या ना. माझं माहेर दिंडोरीचं. मी पोह्यांची बशी घेऊन, डोळे खाली, पदर नीट करून बाहेर आले, तर नवरा मुलगा ओसरीतल्या मीटरकडे मान वर करून बघतोय. माझ्याकडे एक नजर नाही.  मग म्हणाला, "तुमचा मीटर उगाच पळतोय. कुठेतरी वायर उघडी आहे." काय तो मुहूर्त आणि काय ते वाक्य. वडील मळ्यात जाऊन बघतात तर खरंच मोटारीची वायर उंदराने कुरतडलेली. वडील म्हणाले, "पोरगा बोलत नाही, पण बघतो." झालं, तेवढ्यावर माझं लग्न ठरलं. मला तेव्हा भयंकर राग आला होता आणि अजूनही अधूनमधून येतो.

पण वडील बोलले ते खोटं नव्हतं. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, हे आकड्यावरून घराची करतात. जेवताना मध्येच म्हणायचे, "हिरावाडीत घरात दोनच माणसं, एसी नाही, आणि साडेचारशे युनिट." एवढंच, पुढे काही नाही. मी आमटी वाढता वाढता विचारायची, "मग?" तर म्हणायचे, "ओव्हन असणार. व्हॅनिलाचा वास होता." पुढच्या महिन्यात त्या घराचा आकडा पाचशेवर गेला की ह्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू काय ह्यांच्याच भाच्याला नोकरी लागली.

नाशिकचं नाव काढलं की लोक द्राक्षं, मिसळ आणि गोदाकाठ एवढं बोलून मोकळे होतात. ह्यांचं नाशिक निराळंच होतं. कुणी माळ्यावर बसून चामड्याच्या चपला शिवतंय, कुणी दिंडोरीच्या बेदाण्याला चॉकलेटात बुडवतंय. एक आजोबा फेकलेल्या सायकलींच्या चेनचे मोर आणि बगळे करायचे, वेल्डिंग सुरू झालं की अख्ख्या गल्लीचे दिवे मिचमिचायचे. आणि ही सगळी माणसं दार बंद करून, चोरी केल्यासारखी राबायची. कारण काय, तर बिलावर छापलेलं असतं 'घरगुती', आणि घरात चालतो धंदा. घरगुती मीटरवर किती धंदा चालतो, किती चालत नाही, हा नियम कुणालाच धड माहीत नाही. म्हणूनच सगळे घाबरून. शेजारच्याला आवाज जाऊ देतील, पण मीटरवाल्याला नाही.

आता मजा बघा. ज्याच्यापासून सगळे लपत होते त्या एकाच माणसाला सगळ्यांचा पत्ता होता. आणि त्याने चौदा वर्षांत एकाचंही नाव कुठे सांगितलं नाही. मी एकदा विचारलं होतं, का नाही सांगितलं. तर म्हणाले, "माझं काम आकडा लिहायचं. कशाचा आहे ते कुणी विचारलं नाही."

मग ज्येष्ठात ठेकेदाराने सगळ्यांना बोलावून सांगितलं की नवीन मीटर बसतायत, ते आपलं रीडिंग आपणच पाठवतात, तेव्हा पुढच्या महिन्यापासून माणसांची गरज नाही. हातातलं यंत्रही त्याच दिवशी जमा करून घेतलं. हे घरी आले, चपला काढल्या आणि आमच्याच मीटरसमोर जाऊन उभे राहिले. मी चहा दिला तो तिथेच उभ्याने प्याले. चार दिवस असेच. बावन्न वर्षांच्या माणसाने आता काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही, पण मला ऐकू येत होतं.

पाचव्या दिवशी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, मीटर गेले ना, माणसं तर आहेत? तुम्हाला म्हसरूळपासून हिरावाडीपर्यंत घरात बसून काहीतरी बनवणारी जेवढी माणसं माहीत आहेत तेवढी देवालाही नसतील. त्यांना एकत्र आणा. बाजार भरवा." उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्यातीच आहे. पण हे वळून माझ्याकडे बघायला लागले. लग्नानंतर इतका वेळ सलग बघितल्याचं मला आठवत नाही. मग गेले, सायकल काढली आणि सरळ दिंडोरी रोडच्या मंगल कार्यालयात जाऊन धडकले.

कार्यालयाचे मालक सोमनाथशेठ ओळखीतले. आषाढ लागणार, पुढे चातुर्मास, म्हणजे लग्नं बंद आणि हॉल रिकामा. वर कुंभमेळ्यासाठी समोरचा रस्ता खोदून ठेवलेला, त्यामुळे डोहाळजेवणाचीही मंडळी फिरकेनात. सोमनाथशेठ म्हणाले, "गोरक्षभाऊ, आषाढातला पहिला रविवार तुमचा. तीस टेबलं मांडून देतो. तीसच्या तीस भरली, तर दर महिन्याचा पहिला रविवार बाजाराचा, आणि माझ्याकडे मॅनेजर म्हणून लागा. एकोणतीस भरली तरी नाही हं. मला दुसरा एक सेलवाला विचारतोय, काहीही घ्या दोनशे रुपये. तो कायमचा हॉल मागतोय." झालं, मॅनेजर म्हटल्यावर ह्यांच्या अंगात वारं शिरलं. घरी येऊन कागदावर नावं लिहायला बसले. नावं कसली, ग्राहक क्रमांक. बारा-बारा आकडे, एकतीस माणसांचे, सगळे तोंडपाठ. मला म्हणाले, "एक जास्त आहे." आणि हसले. मीही हसले. आम्ही दोघं त्या दिवशी उगाचच हसत होतो, भाजी जळली तरी हसत होतो.

दुसऱ्या दिवसापासून निघाले बोलवायला, आणि दोन दिवसांत हसू कुठल्या कुठे गेलं.

पहिल्यांदा गेले अंजलीकडे. अंजली मेरीजवळ राहते, एकटी, वय तिशीचं. मातीचे कप, बश्या, कुंड्या करते आणि मागच्या पडवीत विजेच्या भट्टीत भाजते. हे म्हणाले, "ताई, तुमची भट्टी." ती म्हणाली, "भट्टी? कुठाय भट्टी? तो आमचा गिझर आहे." भट्टी कंबरेएवढी, वर चादर टाकलेली, आणि चादरीतून धग येतेय. हे म्हणाले, "कप छान असतात तुमचे." ती म्हणाली, "कुठले कप? आम्ही स्टीलचे वापरतो." आणि दार लावून घेतलं.

मग नवसाबाई. ही पेठकडची, मुलाच्या शिक्षणासाठी नाशकात आली आणि इथे नागलीची बिस्किटं करायला लागली. नागली म्हणजे तुमची नाचणी. काय बिस्किटं असतात, चहात बुडवली तरी मोडत नाहीत. तिने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "मी नाय काय करीत. वास येतोय तो बाजूचा हाय." बाजूला मोकळा प्लॉट.

मग मनोजकाका, मालेगावचे. पुढच्या खोलीत एक माग टाकलाय आणि त्यावर असे पंचे विणतात की अंग पुसायला जीव धजत नाही. मागाचा खडखडाट चौकापर्यंत. हे आत गेले तर काका मागाला हार घालून उभे. म्हणाले, "हाऊ माग मना आजानी याद शे." म्हणजे माग चालत नाही, आजोबांची आठवण म्हणून ठेवलाय. हाराची फुलं अजून हलत होती.

असे एकतीसच्या एकतीस. सायकलच्या मोरवाल्या आजोबांनी तर ह्यांना बघून वेल्डिंगचा चष्मा लावूनच झोपेचं सोंग घेतलं. हे घरी आले आणि म्हणाले, "ललिता, नाशकात कुणीच काही करत नाही." मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "अहो, तुम्ही मीटरवाले आहात. तुम्ही 'भट्टी' म्हणालात की त्यांना 'धाड' ऐकू येतं. असं तोंडी नको, एक छान पत्र लिहा. प्रेमाने बोलवा. आणि मला दाखवा आधी." तर स्वाभिमान दुखावला. म्हणाले, "मला लिहिता येत नाही का?" गेले सायबर कॅफेत, पत्रं छापून घेतली आणि एकतीस घरांच्या दाराखालून सारून आले. घरी येऊन दोन वाट्या खीर खाल्ली.

ते पत्र माझ्या हातात पडलं शनिवारी दुपारी, ह्यांच्या शर्टाच्या खिशातून, कपडे धुताना. मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण मला ते आता पाठ आहे.

"विषय : घरगुती वीज जोडणीवर चालणाऱ्या उत्पादनाबाबत. महोदय/महोदया, आपण राहत्या घरी घरगुती वापरावर उत्पादन करीत असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. तरी आपण तयार मालाच्या नमुन्यासह येत्या रविवारी सकाळी ठीक दहा वाजता दिंडोरी रोडवरील मंगल कार्यालयात समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली संधी कायमस्वरूपी खंडित करण्यात येईल. आपला, गो. पुं. थेटे." आणि वर डाव्या कोपऱ्यात ठळक अक्षरात ग्राहक क्रमांक.

मी खालीच बसले, साबणाच्या पाण्यात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण हा मारुतीही नव्हता, हा साक्षात यम होता. मी ओरडले, "अहो, हे काय आहे?" हे म्हणाले, "आमंत्रण." म्हटलं, "खंडित?" तर म्हणाले, "संधी खंडित लिहिलंय. वीज नाही लिहिलं." चौदा वर्षं ज्या माणसाने दुसरं काही वाचलं नाही, तो तसंच लिहिणार ना. म्हटलं, "आणि हे घरगुती, घरगुती काय चाललंय?" ह्यांना खरंच कळेना. "अगं, घरगुती म्हणजे चांगलंच की. घरगुती लोणचं, घरगुती मसाला. लोक तर घरगुती बघूनच घेतात." मी त्यांच्यासमोर आमचं बिल धरलं. बिलावर छापलेलं घरगुती त्यांनी वाचलं, मग पत्रातलं वाचलं, परत बिलावरचं वाचलं. आणि मटकन माझ्या शेजारी बसले, त्याच पाण्यात.

त्याच पावली सायकल काढून हे समजावायला गेले. एकाही घराने दार उघडलं नाही. अंजलीकडे तर बाहेरून कुलूप. माझ्या मनात आलं, आता तीस सोडा, तीन माणसंही येणार नाहीत, आणि आली तर ह्यांना मारायला येतील. 

रविवारी आम्ही दोघं साडेनऊला कार्यालयात. तीस टेबलं, प्रत्येकावर पांढरी चादर, आणि सगळी रिकामी. सोमनाथशेठ खुर्चीत बसून दात कोरत होते. आषाढाची रिपरिप चालू होती. दहा वाजले, कुणी नाही. दहा पाच. शेठ म्हणाले, "सेलवाल्याला फोन लावू का?" हे पहिल्या टेबलाच्या चादरीची घडी नीट करत राहिले. मला त्या क्षणी ह्यांची एवढी दया आली की मी देवाला म्हटलं, बाबा, मारायला का होईना, पण येऊ देत.

आणि आले. दहा वाजून बारा मिनिटांनी रस्त्याच्या चिखलातून, खड्ड्यांवरच्या फळ्यांवरून, एका ओळीत आले. कोर्टाच्या तारखेला जावं तसे. बायका इस्त्रीच्या साड्यांत, पुरुष कॉलरचं बटण लावून, प्रत्येकाच्या बगलेत वीजबिलांची फाईल. एकाने तर वकील भाचा आणला होता, काळ्या कोटात, घामाघूम. आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात पिशवी, कारण पत्रात लिहिलं होतं ना, तयार मालाच्या नमुन्यासह.

नवसाबाई सगळ्यांत पुढे. टेबलावर डबा आपटला, झाकण काढलं आणि म्हणाली, "साहेब, आधी चव बघा, मंग काय लिवायचं ते लिवा. लय मेहनतीचं हाय." ते बघून मागच्यांना वाटलं, असं असतं होय, नमुना म्हणजे हे. मग काय, जो तो एकेक टेबल धरायला लागला. शेजारच्यापेक्षा आपलं साहेबांना जास्त आवडावं म्हणून मांडणी सुरू. एकीने चॉकलेटं घरून आणलेल्या द्राक्षाच्या पानावर रचली. मनोजकाकांनी पंचे पंख्यासारखे उलगडले. मोरवाल्या आजोबांनी मोर पुढे ठेवला, त्याची मान ह्यांच्याकडे वळवली आणि हात जोडले. मी तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकले. मला आता हसू आवरेना, आणि हे मध्ये उभे, हातात नवसाबाईचं बिस्किट, चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात देवळातून परतणाऱ्या चार बायका पाऊस थांबेपर्यंत टेकायला म्हणून आत शिरल्या. त्यातली एक अंजलीच्या टेबलाजवळ गेली, निळा कप उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "कितीला?"

अंजली म्हणाली, "विकायचा नाहीये. साहेबांसाठी आहे."

"मग साहेबांना विचारा, आम्हाला सहा हवेत."

आता सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.  शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं. सोमनाथशेठचा माईक पडला होता, लग्नात आहेर पुकारायचा, तो उचलला आणि सगळं सांगून टाकलं. साहेब कुठले, नोकरी गेलीय. नोटीस कसली, आमंत्रण आहे. धाड नाही, बाजार आहे. माझ्या नवऱ्याला मराठी येत नाही, त्याला फक्त वीजबिल येतं. माफ करा.

क्षणभर कुणाला कळेना. मग नवसाबाई एवढ्यांदा हसली की तिचा डबा हलला, आणि तिच्यामागून सगळा हॉल. वकील भाच्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चॉकलेट खायला घेतलं. बायका गळ्यात पडून हसत होत्या, "मी तर देव पाण्यात ठेवले होते गं," "मी ओव्हन माहेरी पाठवला," आणि शेजारी-शेजारी राहून एकमेकींचा पत्ता नसलेल्या दोघी तिथे पहिल्यांदा भेटल्या.

एकटी अंजली हसली नाही. तिने कप कागदात गुंडाळायला घेतले. म्हणाली, "मी भट्टी विकली. काल. भंगारवाला संध्याकाळी न्यायला येणार आहे." तिने कपाभोवतीचा कागद करकचून आवळला. "तीन दिवस मी झोपले नाही. तुम्हाला गंमत वाटते का दादा?" आणि खोकं उचलून दाराकडे निघाली.

सोमनाथशेठने माझ्याकडे बघून बोटांवर मोजून दाखवलं. एक मसालेवाली आलीच नव्हती. म्हणजे अंजली गेली की एकोणतीस. मी ह्यांना कोपराने ढोसलं, म्हटलं, बोला काहीतरी, थांबवा तिला. मला वाटलं, हे टेबलाचं सांगतील, मॅनेजरकीचं सांगतील, हात जोडतील.

हे म्हणाले, "ताई, मागच्या वर्षी मार्चात तुमचा आकडा हललाच नाही."

ती थांबली.

"फेब्रुवारीत तीनशे ऐंशी होता. मार्चात नऊ. मी मीटरवर टिचकी मारली, मला वाटलं बिघडला. एप्रिलमध्ये सात. तुमच्या दाराशी दुधाच्या पिशव्या पडलेल्या असायच्या." हे इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आई गेल्या होत्या ना तुमच्या. मला नंतर समजलं. मेमध्ये चाळीस. मग पावसाळ्यात एकदम चारशे बारा. त्या दिवशी मी तुमच्या पॅसेजमध्ये जरा जास्त वेळ उभा राहिलो. मीटरची चकती फिरत होती. मला बरं वाटलं." मग बाकीच्यांकडे वळले. "तुम्ही सगळे किती राबता ते कुणी बघत नाही. तुम्ही बघूच देत नाही. मी बघितलंय. युनिटमध्ये बघितलंय. म्हणून बोलावलं."

मला आठवलं तो दिवस. गेल्या पावसाळ्यात हे अवेळी जिलेबी घेऊन आले होते. मी विचारलं, कशाची हो? तर म्हणाले, "असंच." मला वाटलं होतं पगार झाल्याची असेल. माझ्या डोळ्यांना धार लागली, माईक चालूच होता, नाक ओढल्याचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला.

अंजली परत आली. खोकं टेबलावर ठेवलं. कप काढता काढता त्या बाईला म्हणाली, "सहा नाहीत. पाच देते. एक दादांना द्यायचाय." मग मनोजकाका उठले, भंगारवाल्याचा नंबर मागितला आणि बाहेर जाऊन त्याच्याशी असं काही अहिराणीत बोलले की भट्टीचा सौदा तिथल्या तिथे मोडला.

पुढचं काय सांगू. पाऊस वाढला तशी माणसंही वाढली. आषाढात तळण करतात ना घरोघरी, तर एका काकूंनी सोमनाथशेठच्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन कापण्या तळायला काढल्या, कुणीही सांगितलं नव्हतं. मी माईकवर ओरडून ओरडून घसा बसवला. मोर दोनदा विकला गेला, दोन्ही गिऱ्हाइकं भांडली, आजोबांनी दोघांनाही सांगितलं की हा माझाच राहू द्या, तुम्हाला नवे करून देतो. दुपारी एकपर्यंत टेबलं एवढी रिकामी झाली की सोमनाथशेठ परत मोजायला लागले. मी म्हटलं, "शेठ, आता रिकामी दिसतात ती भरलेलीच धरायची." त्यांनी पुढच्या रविवारांवर ह्यांचं नाव लिहिलं आणि सेलवाल्याचा फोन उचललाच नाही.

आता हे मॅनेजर आहेत. गळ्यात शिट्टी आहे, तिचा काय उपयोग ते मला माहीत नाही. पत्रं मी लिहिते.

गेल्या महिन्यात मेरीकडे नवीन मीटर बसले. त्याच दिवशी अंजलीचा फोन आला. म्हणाली, "दादा, मीटर बदलला. आता रीडिंग घ्यायला कुणी येणार नाही म्हणे." हे म्हणाले, "नाही येणार."  ती म्हणाली, "मग मी तुम्हाला फोटो पाठवत जाऊ का, दर महिन्याला?" तिने बाकीच्यांना सांगितलं असणार. आता एक तारीख उजाडली की सकाळपासून ह्यांचा फोन टिंगटिंग वाजत असतो, नवसाबाईचा फोटो, काकांचा फोटो, आजोबांचा तिरका आणि धुरकट फोटो, त्या दिवशी न आलेल्या मसालेवालीचाही. ह्याचे ह्यांना कुणी काही देत नाही. हे आंघोळ करून, चष्मा लावून बसतात आणि एकतीस आकडे वहीत उतरवून घेतात. कुणाचा कमी आला तर सायकल काढतात आणि जाऊन बेल वाजवतात.